सर्वो किती वॅटचा? आधी स्क्रू मोजा

प्रश्न : नमस्कार सर. अक्कलकोट रोडला आमचं लूमच्या पार्टचं छोटं वर्कशॉप आहे, लेथ आहे, ड्रिल आहे, आता घरामागच्या शेडमध्ये स्वतः एक सीएनसी मिलिंग (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) बनवतोय. टेबल सरकवणारे बॉलस्क्रू २५ एमएमचे, पिच ५ (एका फेऱ्याला ५ एमएम सरकतं), एक्सचा स्क्रू ६०० लांब, टेबल-वाईस-जॉब मिळून ६० किलो. अॅल्युमिनियम आणि थोडं एमएस (साधं लोखंड) कापायचंय, १० एमएमच्या एन्ड मिल कटरनं. मित्र म्हणतो तिन्ही अॅक्सिसला १ किलोवॅटचे सर्वो टाक, दुकानदार म्हणतो ४०० वॅट बस झालं. कंट्रोलला जुना पीसी, पॅरलल पोर्टवर माक ३ सॉफ्टवेअर. लाईट सिंगल फेज, शेजारी लूम चालतात. काय घेऊ ते सांगा की.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्वो म्हणजे स्वतःची जागा मोजत फिरणारी मोटार, तिला चालवणारा डबा म्हणजे ड्राइव्ह. एक्स आणि वायला, म्हणजे टेबलाच्या दोन आडव्या दिशांना, ४०० वॅटच घ्या, दुकानदार बरोबर सांगतोय. वॅट म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि स्पीडचा गुणाकार, आणि तुम्हाला ३००० आरपीएमची गरजच नाहीये. ४०० वॅटच्या मोटारीचा रेटेड टॉर्क १.२७ न्यूटन मीटर, क्षणभरासाठी साधारण तिप्पट देते. ५ पिचच्या स्क्रूला डायरेक्ट जोडली तर सतत १४०० न्यूटन, म्हणजे १४० किलोच्या वर जोर मिळतो. एमएसमध्ये ५ एमएम खोल, कटरच्या दर दाताला ०.०५ एमएम फीड धरला तर कटिंगचा जोर पाचशे-सातशे न्यूटन येईल. म्हणजे दुप्पट जोर आधीच हातात आहे, आणि स्पीड मिनिटाला १५ मीटर, घरच्या फ्रेमवर एवढा पळवून करायचं काय?

म्हणून १:२ चा टायमिंग बेल्ट टाका. जोर दुप्पट होतो, स्पीड साडेसात मीटरवर येतो, पण खरा फायदा इनर्शियाचा, म्हणजे फिरवायला-थांबवायला होणाऱ्या विरोधाचा आहे आणि तोच कुणी मोजत नाही. सगळे टेबलच्या वजनाला घाबरतात, तुमचंच गणित बघा, ६० किलोचं टेबल ५ पिचच्या स्क्रूतून मोटारीला जाणवतं फक्त ०.३८ किलो-सेंटिमीटर वर्ग, आणि नुसता तो २५ चा ६०० लांब स्क्रू फिरवायला १.८! म्हणजे टेबलाच्या जवळजवळ पाचपट, कारण व्यास चौथ्या घाताने मोजला जातो. ४०० वॅटच्या लो-इनर्शिया मोटारीचा रोटर (आतला फिरणारा भाग) ०.२८ च्या आसपास, म्हणजे डायरेक्ट कपलिंगला लोड आठपट झाला. चालतं तसं, पण फ्रेम घरची असेल तर गेन (ड्राइव्ह चूक किती जोरात सुधारतो ते सेटिंग) वाढवला की मशीन शिट्टी मारायला लागतं आणि ट्यूनिंगला दिवस जातो. १:२ केलं की तो लोड पावपट होतो, दुपटीवर येतो, त्यात पुलीचा थोडा वाढेल, म्हणून पुल्या अॅल्युमिनियमच्याच घ्या, स्क्रूवरची मोठी तर नक्कीच. १ किलोवॅटची मोटार बऱ्याचदा १३० फ्रेमची (१३० एमएम चौकोनी तोंडाची) येते, तिचं वजन, तिचा माउंट, ड्राइव्हचे पैसे, ते सगळं स्क्रूचे बेअरिंग आणि एलएम गाईड (टेबल ज्यावर सरकतं ते रूळ) चांगले घेण्यात घाला. फेरे मोजणारा एन्कोडर मोटारीच्या मागे बसलेला असतो, स्क्रूच्या नटमध्ये बॅकलॅश (ढिलाई) असेल तर त्याला काही कळत नाही, सर्वो कितीही महागाचा घ्या टेबल त्या ढिलाईएवढं हलणारच.

हेड वर-खाली करणाऱ्या झेडला मात्र ७५० वॅट घ्या आणि ब्रेकवालीच घ्या, यात काटकसर नको. लाईट गेली की सर्वो सुटतो आणि हेड स्वतःच्या वजनानं खाली येतं, खाली जॉब असतो, कधी हात असतो. ब्रेक २४ व्होल्ट डीसीचा असतो, तो धरून ठेवण्यासाठी आहे, पळता अॅक्सिस थांबवायला नाही. ड्राइव्हच्याच आउटपुटवरून रिले लावून चालवा आणि ब्रेक आधी बसेल, मग सर्वो ऑफ होईल असा डिले ड्राइव्हमध्ये टाका.

सिंगल फेजची काळजी नको, २३० व्होल्टचे ७५० वॅटपर्यंतचे ड्राइव्ह त्यावर चालतात, फक्त घेताना कॅटलॉगला तसं लिहिलंय का बघा. माक ३ ला एक लक्षात ठेवा, पॅरलल पोर्ट २५ किलोहर्ट्झवर ठेवला असेल तर सेकंदाला २५००० च पल्स (मोटारीला पुढे सरकायचे इशारे) निघतात. ड्राइव्हला एका फेऱ्याला १०००० पल्स ठेवल्या की मोटार १५० आरपीएमच्या वर जाणार नाही आणि तुम्ही मोटारीला शिव्या देत बसाल. ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक गिअर सेटिंगमध्ये फेऱ्याला १००० पल्स टाका, बेल्टसकट एका पल्सला अडीच मायक्रॉन पडतो आणि स्पीड मिनिटाला पावणेचार मीटर मिळतो, तुमच्या कामाला भरपूर आहे.

आता शेजारच्या लूमचं. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापतं हे तुम्हाला सांगायला नको, त्यात हवेत सुताची तूस. ती ड्राइव्हच्या फॅनवर आणि फिनमध्ये बसते, थर झाला की हवा जात नाही आणि दुपारी ओव्हरहीटचा अलार्म येतो. पॅनेल बंद ठेवा, हवा आत घेणाऱ्या बाजूला फिल्टर लावा, तो दर आठवड्याला झटका, ड्राइव्ह एकमेकांना चिकटवून लावू नका आणि पॅनेल पश्चिमेच्या पत्र्याला टेकवू नका.

प्रश्न : भंगारात जुन्या मशीनची सर्वो मोटार स्वस्तात मिळतेय, ड्राइव्ह नाही. घेऊ का?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : ड्राइव्हशिवाय नको. बहुतेक एन्कोडर त्या-त्या कंपनीच्याच भाषेत बोलतात, दुसऱ्या ड्राइव्हला कळत नाही. जोडी मिळत असेल, केबलसकट, तर विकणाऱ्याकडेच पॉवर देऊन जॉग करून (थोडी पुढे-मागे फिरवून) बघा. आणि साफसफाईच्या नादात मागचा एन्कोडर उघडू नका, त्याची रोटरशी अलाइनमेंट गेली की मोटार लाईट दिल्याबरोबर उलटी पळते किंवा थरथरत बसते.