आजीचं शिसवी कपाट आणि ऑनलाइन मिळणारा शीशमचा पलंग, दोन्ही एकच लाकूड का?

नाही. भावंडं आहेत, पण जुळी नव्हेत. घोळ घातलाय इंग्रजी नावाने. दोघांनाही 'इंडियन रोझवूड' म्हणतात आणि विकणाऱ्याला ते पथ्यावरच पडतं.

आपलं शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीतलं. शीशम म्हणजे शिसू, डाल्बर्जिया सिस्सू. तो हिमालयाच्या पायथ्याशी नदीकाठच्या गाळात वाढतो; सहारनपूरचं कोरीवकाम त्याचंच. पुण्यात रस्त्याकडेलाही शिसू लावलेला दिसेल. पान बघा: शिसूची पर्णिका टोकाला अणकुचीदार, शिसवाची बोथट, कधी मधे किंचित खाच पडलेली.

पण कपाटाला पानं नसतात! मी हौसेने सुतारकाम करतो. जुन्या बाजारातून 'अस्सल शिसवी' म्हणून एक पाट आणला, काळं पॉलिश खरवडलं तर खाली शिरीष निघाला. तेव्हापासून पॉलिशच्या रंगावर भरवसा नाही. कपाटाचा खण काढा, मागच्या न दिसणाऱ्या कडेला जरासा पॉलिशपेपर मारा. ताज्या शिसवात जांभळट झाक आणि काळ्या रेघा दिसतात, घासताना मंद गोडसर वासही येतो. शीशम सोनेरी तपकिरीकडे झुकतो. लोक 'उचलून बघा, शिसव जड' म्हणतात. खरं आहे, पण घनफुटामागे फरक दोनेक किलोंचा. हाताला तो कळायचा नाही.

शीशम म्हणजे हलका माल, असं मात्र समजू नका. मजबूत आहे, कोरीवकामाला छान. उलट शिसवाच्या रेषा उलटसुलट, रंधा मारताना चिरफळ्या उचकटतात, जीव मेटाकुटीला येतो. पलंग घेताना खरं बघायचं ते बाहेरचं पांढुरकं लाकूड. गाभा टिकतो, पांढरं किडा पोखरतो आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. गडद रंग मारून हा भाग झाकलेला असतो, म्हणून पलंगाखाली वाकून टॉर्च मारा. फिकट पट्टे दिसले तर सोडून द्या.

शिसवाचं मोठं लाकूड आता सहज मिळत नाही. २०१७ पासून शिसव-शीशमसकट सगळ्या डाल्बर्जियांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराचं नियंत्रणही आहे. तेव्हा आजीच्या कपाटाला ऑइलपेंट तेवढा फासू नका.