रंगमंचावर चेहरा लाल होतो तेव्हा

"मॅडम, संवाद पाठ आहेत, आवाजाला सगळे चांगला म्हणतात, पण स्टेजवर पाऊल टाकलं की कानशिलं पेटत्यात. अंगातनं वाफा निघाल्यागत होतंय. लोक नाटक बघत नाहीत, माझं तोंड बघत्यात." कोल्हापुरातील राजारामपुरीत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने हे सांगितले, तेव्हा बोलता बोलताच त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला आणि त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. गायक, वक्ते, नृत्य शिकणाऱ्या मुली, कीर्तनाला उभे राहणारे, अशा अनेकांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे. म्हणून त्याच्या परवानगीने, त्याची ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

तो दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी हौशी नाट्यसंस्थेत तालमीला जातो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवल्या जात असलेल्या नाटकात त्याला सरदाराची मोठी भूमिका मिळाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या, १९१५ मध्ये सुरू झालेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहात तो शाळेत असताना बालनाट्यात उभा राहिला होता. तेव्हा विंगेतून कोणीतरी "बघा, टोमॅटो झाला" असे म्हटल्याचे त्याला अजून शब्दशः आठवत होते. त्यातच मुलगा असून लाजतो, हे घरच्या लग्नकार्यात वर्षानुवर्षे ऐकावे लागले होते. आपल्याकडे हे शब्द मायेने उच्चारले जातात हे मला मान्य आहे, पण ज्याच्या वाट्याला ते येतात त्याला ते किती काळ टोचत राहतात, हे मोठ्यांनी जरूर लक्षात घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

लाली लपवण्यासाठी तो काय काय करत होता, हे मी पहिल्या भेटीत तपशिलाने विचारले. चेहऱ्यावर पॅनकेक या रंगभूषेचा जाड थर, संवाद म्हणताना तोंड मागच्या पडद्याकडे वळवणे, लांब स्वगतातली चार वाक्ये गाळून लवकर विंगेत जाणे, आणि घाम येऊ नये म्हणून दुपारपासून पाणी न पिणे, असे उपाय त्याने शोधून काढले होते. यातला शेवटचा उपाय ऐकून मी त्याला तिथेच थांबवले, कारण घाम हीच शरीर थंड ठेवण्याची मुख्य सोय आहे आणि पाणी तोडून आपण त्या सोयीलाच अडवतो.

त्याच्या मनात तापणे आणि लाजणे एकच झाले होते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच होती. अस्तर लावलेला अंगरखा, शेला, पगडी, चिकटवलेली दाढी आणि वर हॅलोजनचे दिवे, एवढ्या सरंजामात कोणालाही उकडेल, कारण जाड कापडाखाली घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हा उकाडा जाणवला की तो "झालं, लाल झालो" असे समजत असे, त्या भीतीने छाती धडधडत असे आणि मग चेहरा खरोखरच लाल होत असे. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून आम्ही आधी उकाड्याकडे वळलो, कारण त्यावर माणसाचा थोडाफार ताबा असतो. आत सुती बनियन, पगडी आणि अंगरखा प्रवेशाच्या अगदी आधी चढवणे, दिवसभर घोट घोट पाणी, विंगेत मानेवर ठेवायला ओला गार पंचा, एवढ्यावरच त्याला बराच फरक जाणवला. सातच्या तालमीआधी पाच वाजता कटाची मिसळ खाण्याची त्याची सवय मात्र सोडावी लागली. मिरचीतला तिखट घटक उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतो आणि शरीर खरोखर तापल्यासारखे घाम आणि लाली घेऊन येते. कोल्हापूरकराला हे सांगणे मला जड गेले, पण मिसळ आणि तांबडा रस्सा प्रयोग संपल्यावरही मिळतो.

लाली मात्र हुकमाने थांबत नाही. ती आपल्या इच्छेविना चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या हातात असते. भावना उसळली की चेहऱ्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त वाढते आणि त्वचा गरम लागते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना या लाल होण्याला स्वतंत्र प्रकरण दिले आणि इतर लोक आपल्याविषयी काय विचार करत असतील हा विचारच त्याचे मूळ आहे असे मांडले. चेहऱ्यावर सतत पहारा ठेवणे म्हणजे हाच विचार दिवसभर जागवत ठेवणे होय.

हा पहारा उठवण्यासाठी मी त्याला एक प्रयोग सुचवला. तालमीत त्याने मुद्दाम पॅनकेक न लावता पूर्ण प्रवेश करावा, आपण किती लाल झालो याला दहापैकी गुण द्यावेत, आणि त्या वेळी पाहणाऱ्या चार सहकाऱ्यांना नंतर फक्त "काय लक्षात राहिलं?" एवढेच विचारावे. त्याने स्वतःला नऊ गुण दिले. तिघांनी लालीचा उल्लेखही केला नाही, त्यातल्या एकाने वाक्यांची शेवटे मागे वळल्यामुळे ऐकू येत नाहीत असे सांगितले, आणि चौथ्याने चेहरा लाल झाल्याचे सांगून दरबारातल्या अपमानाचा राग म्हणून ते शोभले असे म्हटले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या, २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लाज वाटावी असा टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना सुमारे निम्म्या लोकांनी तो पाहिला असे वाटले होते, प्रत्यक्षात जवळपास एक चतुर्थांश लोकांच्याच तो लक्षात आला होता. हे मी त्याला सांगितले, पण त्याच्यावर परिणाम झाला तो मागे वळण्यावरच्या त्या एका शेऱ्याचा. लपवण्यासाठी केलेली गोष्टच त्याचा अभिनय बिघडवत होती.

त्यानंतर आम्ही लक्ष बाहेर नेण्याचा सराव केला. रंकाळ्यावर चालताना आधी पाच मिनिटे फक्त आवाज ऐकायचे, मग मित्राशी बोलताना त्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द पकडायचा, आणि शेवटी हेच तालमीत समोरच्या नटाबाबत करायचे. कान तापल्याचे कळले तरी त्याच्याशी भांडायचे नाही, "होऊ दे लाल, आणखी होऊ दे" असे मनात म्हणून नजर पुन्हा समोरच्याच्या डोळ्यांकडे न्यायची. हे एका आठवड्यात साधत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक तालीम इतकी वाईट गेली की त्याने भूमिका सोडण्याची भाषा केली, आणि त्याच बैठकीत त्याने शस्त्रक्रियेबद्दल विचारले.

त्याबाबत मी स्पष्ट बोलले. लालीसाठी सहानुभूतिक मज्जातंतू, म्हणजे लाली आणि घामाचे संदेश नेणारे तंतू, कापण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात आहे, पण त्यानंतर पाठ, पोट आणि मांड्यांवर भरपाईचा, म्हणजे चेहऱ्याऐवजी इतरत्र येणारा जादा घाम कायमचा मागे लागू शकतो, त्यामुळे तो पहिला उपाय नव्हेच. त्याच्या एका मित्राने धडधड कमी करणारी गोळी देऊ केली होती, तीही मी घेऊ दिली नाही. बीटा ब्लॉकर गटातील अशी औषधे दमा असणाऱ्याला घातक ठरू शकतात आणि ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात. थायरॉइडचा विकार, रोझेशिया हा त्वचेचा विकार, रजोनिवृत्तीचा काळ किंवा रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही चेहरा तापतो, म्हणून कोणाला एकट्याने बसलेले असतानाही अशा लाटा येत असतील तर त्यांनी समुपदेशकाआधी डॉक्टरांकडे जावे. त्याची तपासणी सर्वसाधारण आली.

प्रयोगाच्या आदल्या तालमीत त्याने स्वतःहून सगळ्यांना सांगितले, "मी लाल होतो, दिसलो तर दिसू दे." कोणी हसले नाही. प्रयोगानंतर दोन दिवसांनी तो आला तेव्हा मी लालीबद्दल विचारले. "दुसऱ्या अंकात तापलो होतो मॅडम, मग समोरचा एक वाक्य विसरला, ते सावरण्यात राहूनच गेलं," असे तो म्हणाला. गाळलेली चारही वाक्ये त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटली होती.

एक गोष्ट अजून बाकी आहे. संस्थेने त्याला शाल आणि नारळ देऊन सत्कारासाठी बोलावले तेव्हा भूमिका नव्हती, समोर सांभाळायला दुसरा नट नव्हता, आणि कौतुकाचे शब्द ऐकताना त्याचा चेहरा पुन्हा पेटला. सध्या आमच्या बैठका त्यावर चालू आहेत, आणि पुढच्या गुरुवारसाठी मी त्याला घरी कोणी कौतुक केले की मान खाली न घालता फक्त "आभारी आहे" म्हणून समोर पाहण्याचा अभ्यास दिला आहे.