सावलीच्या गॅलरीत काय लावशील

अगं, उत्तरेकडची गॅलरी, त्यात समोर दुसरा टॉवर, तेव्हा गुलाबाचा हट्ट सोड. घोडबंदरला राहायला आले तेव्हा मीही तोच धरला होता. नुसती पानं बघत बसले. आणि फोटोंना भुलून होस्टा, अ‍ॅस्टिल्बी असली परदेशी सावलीतली झाडं मागवू नकोस. त्यांना हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, ती ठाण्यात कुठून आणणार?

सोनटक्क्यापासून सुरुवात कर. आल्यासारखा कंद असतो. मे संपता संपता 12 इंची कुंडीत भरपूर शेणखत घालून लाव, दोन बोटं खोल. उजेड हवा, दुपारचं ऊन नको. पावसाळ्यात फुलला की संध्याकाळी गॅलरीचं दार उघडंच ठेवशील! एक दांडा एकदाच फुलतो. फुलं संपली की तो तळाशी काप, शेजारून नवे कोंब येतात. उन्हाळ्यात त्याची माती सुकू देऊ नकोस, एवढंच.

बॉल लिलीही लाव. पावसाच्या तोंडावर लाल फुलांचा गोळा येतो. हिवाळ्यात पानं झडतात, पण कंद जिवंत असतो. आमच्या सासूबाईंनी कुंडी रिकामी समजून तिच्यात कढीपत्ता लावला होता.

अबोलीला सकाळचं थोडं ऊन मिळायला हवं. तिच्या वाळक्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडतडतात, बिया उडतात. शेजारच्या कुंडीत उगवलेली रोपं तण समजून उपटू नकोस.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नकोस, डेंग्यूचे डास होतात. सोनटक्क्याचा कंद माझ्याकडून घेऊन जा, विकत आणू नकोस.