वाचकांचे प्रश्न : इम्प्लांट बसवण्याआधी

प्रश्न : माझे वय ६१ आहे. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढल्या. मला मधुमेह आहे, हाडे ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही चालू आहे आणि सकाळी मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. एका दवाखान्यात इम्प्लांट बसवून ‘तीन दिवसांत पक्के दात’ देऊ असे सांगितले. होकार देण्याआधी काय विचारावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण आपली औषधे आणि सवय मोकळेपणाने लिहिलीत, हे फार चांगले केलेत, कारण मिश्रीचा उल्लेख अनेक जण डॉक्टरांसमोर टाळतात आणि इम्प्लांट अपयशी होण्यामागे तंबाखू हे एक मोठे कारण असते. मिश्रीतही तंबाखूच असतो. ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करावी आणि पुन्हा सुरू करू नये.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात प्रयोग करताना आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ही पद्धत वापरली. ही पकड तयार व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या, तुलनेने मऊ हाडात त्याहून अधिक काळ लागतो. लगेच दात बसवण्याच्या पद्धती आहेत. परंतु स्क्रूला सुरुवातीलाच भक्कम आधार मिळाला तरच त्या योग्य ठरतात. आपला मधुमेह आणि चावण्याचा दाढांवर येणारा जोर पाहता, मी आपल्याला थांबण्याचाच सल्ला देईन.

दाढ काढल्यावर तेथील हाड झिजत जाते. म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) करून हाडाची उंची व रुंदी मोजायला सांगा. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला इजा झाल्यास ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकतात, त्यामुळे नसेपासूनचे अंतर स्कॅनवर मोजल्याशिवाय खालच्या दाढेच्या जागी स्क्रू बसवू देऊ नये.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ताची) तपासणी अलीकडची असावी. तो आकडा ८ च्या पुढे असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी, कारण जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ठिसूळ हाडांच्या गोळीबाबत विशेष सावध राहा. अशा काही औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून भरून येत नाही. तोंडाने घ्यायच्या गोळीत हा धोका कमी असतो, कर्करोगासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत तो बराच अधिक असतो. गोळीचे नाव आणि ती किती वर्षे चालू आहे हे दंतवैद्यांना लिहून द्या, मात्र स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. तो निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हेच पाळावे.

हिरड्यांना सूज किंवा पू असल्यास त्याचे उपचार आधी पूर्ण करून घ्यावेत. इम्प्लांटला कीड लागत नाही; पण त्याच्याभोवती संसर्ग होऊन हाड झिजू शकते, आणि अनेकदा ते दुखत नसल्याने लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे रोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी आयुष्यभर सुटत नाही.

खर्च विचारताना सांगितलेल्या रकमेत स्क्रूबरोबर वरचा जोडभाग, कॅप, स्कॅन आणि लागलेच तर हाड भरण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्या. कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असलेले कार्डही मागून घ्या, कारण पुढे जोडभाग सैल झाला तर दुसऱ्या गावच्या दंतवैद्यांना त्याच कंपनीचे भाग शोधावे लागतात.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाचा समोरचा दात सायकलवरून पडून गेला. त्याला आताच इम्प्लांट करावे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आता नको. जबडा वाढत असताना शेजारचे दात खाली सरकत राहतात, इम्प्लांट मात्र हाडात होते तिथेच राहते, आणि काही वर्षांत तो दात आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला ब्रिज किंवा काढता येणारा दात वापरता येतो.