पदवीनंतर नागपुरात शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून रुजू होताना पहिल्या वर्षी सर्वात जड काय जातं?

टिपणी लिहिणं, म्हणजे प्रकरणाची माहिती आणि प्रस्ताव वरिष्ठांसाठी फाइलवर मांडणं. आस्थापना (कर्मचारीविषयक) शाखेत नस्त्या (फाइली) तपासताना हेच रोज दिसतं: पदवीधर निबंध लिहितात, आणि नस्ती शेरा घेऊन परत येते. क्रम असा ठेवा: विषय, अर्जदाराची मागणी, लागू नियम किंवा शासन निर्णय (क्रमांक व दिनांकासह), मग प्रस्ताव आणि 'मान्यतेस्तव सादर'. नस्ती परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अधिक्रमित झालेल्या (नव्या निर्णयाने जागा घेतलेल्या) शासन निर्णयाचा आधार. म्हणून जुन्या नस्तीतून संदर्भ उतरवू नका, नवा निर्णय निघाला आहे का ते आधी पाहा. पानांना क्रमांक द्या, आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी कार्यविवरण नोंदवहीत (आलेल्या कागदांची आणि त्यांवरील कार्यवाहीची तुमची वही) चढवा. विलंब प्रतिबंध कायदा, 2005 नुसार साधी नस्ती कामाच्या 7 दिवसांहून जास्त तुमच्याकडे राहता कामा नये, आणि नोंद नसेल तर बचावाला काहीच उरत नाही. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळ प्रश्नांची माहिती तासाभरातही मागवतात, तेव्हा रजेचा बेत नकोच. हे राज्य शासनाच्या कार्यालयांबद्दल. सिव्हिल लाइन्समधल्या केंद्रीय कार्यालयांत टिपणी हिंदी-इंग्रजीत चालते आणि नियमही वेगळे.