दुनळी रायफल : जुनी का नवी?

प्रश्न : माझे दाजी टांझानियात नोकरीला आहेत, तिथं परवाना काढून रानरेड्याची शिकार करता येते. त्यांना डबल रायफल घ्यायचीय, जुनी इंग्लिश घ्यावी का नवी? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : आधी एक सांगतो, आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद हाय, त्यामुळं हे सगळं तिथल्यापुरतंच धरा.

हॉलंड किंवा रिग्बी या इंग्लिश कंपन्यांच्या जुन्या रायफलींची कारागिरी बघितली की मन भरून येतं, खांद्याला लावली की आपोआप निशाणावर येती असं वाटतं, पण दुनळीत खरी गोम दोन नळ्यांच्या जुळणीत असते, दोन्ही गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून त्या ठराविक काडतुसावर जुळवलेल्या असतात, आणि जुन्या रायफली कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काळातल्या, आजचं काडतूस घातलं की डावी-उजवी गोळी लांब लांब पडू शकते. त्यात आताच्या अख्ख्या तांब्या-पितळेच्या कडक गोळ्या जुन्या पातळ नळीला सोसत नाहीत, नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) बाहेरून उमटलेले दिसतात कधी कधी.

म्हणून रेड्यासाठी नवीच घ्या म्हणावं, हाइम किंवा क्रीगहॉफ या जर्मन कंपन्यांची, .४७० या काडतुसाची. काडतूस मिळतं, पार्ट मिळतात. रेडा जखमी होऊन झाडीत घुसला तर दुसऱ्या गोळीवर जीव असतो हो!

जुनीच पायजे असंल तर जाणत्या गनस्मिथकडून नळ्या आतून तपासून, स्वतः पन्नास यार्डांवर दोन्ही नळ्या झाडून बघूनच पैसे द्यावेत.