सास्काटूनला नवीन आलोय. जूनमध्ये उत्तरेकडच्या तळ्यांवर एकाच फेरीत फ्लाय फिशिंगने (पिसं-धाग्यांचं हलकं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, फेकून) ट्राउट आणि पाइक दोन्ही मिळतील का? दोन वेगळे रॉड घ्यावे लागतील का?

मिळतील, आणि एकाच रॉडवर मिळतील. फक्त जायचा दिवस कॅलेंडर बघून ठरवू नका, बर्फ बघून ठरवा. लाक ला रोंज हे तळं साधारण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोकळं होतं. त्याहून उत्तरेला रेनडिअर लेकवर बर्फ जायला बहुधा जून उजाडतो. बर्फ गेल्यानंतरचे दोन-तीन आठवडे खरे. जुलैत पाइक मिळेल, पण लेक ट्राउटसाठी फ्लाय रॉड घेऊन बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

याचं कारण पाण्याच्या तापमानात आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्यामुळे बर्फ गेल्यावर वारा तळं सहज वरपासून खालपर्यंत घुसळतो आणि सगळीकडे पाणी जवळपास सारखंच गार होतं. लेक ट्राउटला १० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, म्हणून त्या दिवसांत तो किनाऱ्यालगत दोन-तीन मीटर पाण्यातही फिरतो. वरचं पाणी तापलं की खोल जातो, तो उथळात परततो थेट शरदात, अंडी घालायला. रेनडिअर लेकचा डीप बे म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा, सुमारे १३ किमी रुंद आणि २२० मीटर खोल. तिथे ऑगस्टमध्ये फ्लाय बुडवून बुडवून किती बुडवणार?

पाइकचं उलट. बर्फ हलताच तो उथळ, गवताळ खाड्यांत अंडी घालतो आणि नंतर भुकेला होऊन तिथेच रेंगाळतो. तळाला काळा गाळ असलेली, दिवसभर ऊन खाणारी खाडी शोधा. मुख्य तळ्यात ६ अंश असताना अशा खाडीत दुपारी १२ अंशही दिसतात. म्हणूनच दुसऱ्या रॉडचे पैसे वाचवा आणि दोरीला बांधून सोडायचा साधा थर्मामीटर घ्या. सकाळी खडकाळ टोकांवर आणि खाडीच्या तोंडाशी ट्राउट, जेवणानंतर खाडीच्या आत पाइक.

रॉड ९ फुटी, ८ वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). रीलला एक जादा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, घ्या: एकावर तरंगणारी लाइन, दुसऱ्यावर सिंक-टिप, म्हणजे फक्त टोक बुडणारी. ट्राउटला ८-१० सेंमीचा पांढरा क्लाउझर मिनो (लहान माशासारखा दिसणारा फ्लाय) पुरतो. पाइकला १५ सेंमी किंवा मोठा फ्लाय लावा, त्याच्या आधी फूटभर वायर. नायलॉन तो दातांनी सहज तोडतो. मासा लागला की रॉड वर उचलायचा मोह होतो. तसं न करता हातातली लाइन जोरात मागे खेचा. आणि फ्लाय बोटीजवळ आला म्हणून लगेच बाहेर काढू नका. पाइक पाठलाग करत येतो आणि पुष्कळदा अगदी बोटीखाली तोंड मारतो.

हुकचा उलटा काटा दाबून टाका. तुमच्या सोयीचंच ते, कारण पाइकच्या तोंडातून हुक काढताना लांब नाकाची पक्कडसुद्धा कमी पडते. सस्कॅचेवानच्या उत्तर विभागाचा हंगाम २५ मेला उघडतो, पण परवाना काढताना यंदाचं पत्रक वाचा. काही तळ्यांचे नियम वेगळे आहेत. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायला नसतं, अंगात घालायला असतं. ६ अंशांच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांतच ऐकेनासे होतात. काळ्या माश्यांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच.

खायला ठेवायचा तर लहान मासा ठेवा. मोठे पाइक आणि म्हातारे लेक ट्राउट यांच्यात पारा साठलेला असतो, शिवाय वीण त्यांच्यावरच चालते. पाइकमध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात, त्यामुळे इथले बरेच जण त्याला नाक मुरडतात. कोकणात काटेरी पाला मासा खाऊन वाढलेल्यांनी घाबरू नये. रवा लावून तळा. कोकम मात्र सास्काटूनहूनच न्या.